तळ्यावर रडून या

मी वाडी सोडली ती दुधाच्या टेम्पोतून. राधानगरीच्या वरच्या अंगाला पावसाळ्यात एसटी येणं तेव्हा नशिबावर होतं, आणि आजही फारसा फरक पडलेला नाही. नर्सिंगच्या वर्गाला कोल्हापुरात हजर व्हायचं होतं. आप्पांनी डेअरीच्या ड्रायव्हरला गळ घातली आणि मला दुधाच्या कॅनांमध्ये, पत्र्याच्या पेटीवर बसवलं. आई मोठ्यानं रडत होती. आमच्याकडं कुणी गावाबाहेर निघालं की रडायचंच असतं. लग्न होऊन निघालेली असो, नाहीतर पोलीस भरतीला निघालेला असो. शेजारच्या बायका हातातली कामं टाकून आल्या होत्या, त्याही रडत होत्या. मीही मन लावून रडले. आप्पा तेवढे कोरडे. म्हणाले, "मागं बघू नगं. वळणावर मागं बघितलं की ओकारी येती." मी बघितलंच. धरणाच्या वळणावर ओकारी आली, ड्रायव्हरनं टेम्पो थांबवला आणि शिव्या घातल्या. माझं स्थलांतर असं सुरू झालं.

हे लिहितेय ते तिकडं राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांसाठीही. आमच्या वाडीची पोरं आता दुबईत आहेत, एक जर्मनीत आहे. ती म्हणतील, राधानगरीहून कोल्हापूरला आलीस, सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत जाशील, त्याला कसलं स्थलांतर म्हणतेस? म्हणोत बापडी. मला ना विमान लागत होतं ना व्हिसा, आणि तरी मी वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच घरी गेले. अंतर किलोमीटरनं मोजायचं असतं तर माझ्या आईनं मला कधी पावणी म्हटलं नसतं.

हॉस्टेलवर पहिल्यांदा माझं बोलणं गेलं. आमच्याकडं बायासुद्धा 'मी येतो, मी जातो' म्हणतात. पुण्याकडच्या मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या. मग मी 'येते, जाते' शिकले. पुढं ड्रिप, सक्शन, सॅच्युरेशन असले शब्द आले आणि जीभ त्यांनाच सरावली. सुट्टीला घरी गेले की आई म्हणायची, "मास्तरणीगत बोलाय लागलीस की गं." त्यात कौतुक होतं आणि थोडी तक्रारही होती.

पास झाल्यावर मी लहान मुलांच्या हृदयाच्या वॉर्डात लागले आणि तिथंच राहिले. वाडीत आमची घरं विहाराच्या मागं, ओढ्याच्या अंगाला. कोण कुठल्या नळावर पाणी भरतं हे तिथं सगळ्यांना ठाऊक असायचं. वॉर्डात तसलं कुणी विचारत नाही. पोरगं निळं पडायला लागलं की एरवी स्वयंपाकघरात परक्याला पाय ठेवू न देणारी आईसुद्धा ते माझ्या हातात देते. धोका टळला की काहीजणी विचारतात, "सिस्टर, तुम्ही कुठल्या?" मी "राधानगरीच्या" एवढंच सांगते. भाड्यानं खोली शोधताना मात्र आडनाव आधी आणि भाडं नंतर. शेवटी कळंब्यात, तळ्याजवळ दोन खोल्या मिळाल्या. पलीकडं जेलची भिंत. रिक्षावाल्याला 'कळंबा जेल' म्हटलं की हमखास प्रश्न येतो, "आत सोडायचं का भाईर, ताई?" पहिल्या वर्षी मी हसायचे. नंतर नुसतं 'बाहेर' म्हणायला लागले.

वॉर्डातही पहिल्या वर्षी मी रडले होते. गडहिंग्लजकडचं एक तान्हं होतं, ते गेलं. मी भिंतीकडं तोंड करून हुंदके देत होते. इन्चार्ज मॅडमनी मला बाजूला घेतलं. ओरडल्या नाहीत. "तू रडलीस तर त्याच्या आईनं कुणाकडं बघायचं?" एवढंच विचारलं आणि पुढच्या बेडकडं पाठवलं, कारण तिथला पंप वाजत होता. मी गेले. त्यानंतर मी रडले नाही. ठरवून नव्हे. रडू एकदा आत कुठंतरी वळवलं, आणि ते परत कसं आणायचं ते विसरून गेले. दात काढताना सुई देतात ना, त्यानंतर गालाला हात लावून बघावा, तसं झालं. हात लागतोय हे कळतं, पण गाल आपला वाटत नाही. आनंदाचंही तेच झालं, आणि हे आधी कुणी सांगत नाही. पोरं बरी होऊन घरी जायची, त्यांचे आईबाप पेढे आणायचे. मी पेढा खायचे, गोड लागायचा, आणि कामाला लागायचे.

आप्पा गेले तेव्हा मी घरातच होते. मी नाडी बघितली, डोळे मिटले, हनुवटीला फडकं बांधलं आणि मिलिंदला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, कुणाकुणाला फोन करायचे ते सांगितलं. बाया आल्या, गळ्यात पडल्या आणि वाट बघत राहिल्या. आमच्याकडं एकीनं गळ्यात पडून रडायचं आणि दुसरीनं त्यात आपलं रडणं मिसळायचं, असा रिवाज आहे. मी त्यांची पाठ थोपटत राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, "दवाखान्यात ऱ्हाऊन दगुड झालीया पोर." मला राग आला नाही. बोलणारीचं काही चुकलं नव्हतं.

सुजाता ही मिलिंदची मोठी लेक. आम्ही सुजू म्हणतो. ती चार वर्षांची असताना मी मृगाच्या जरा आधी वाडीला गेले होते. ते दिवस जांभळांचे. पोरं रानातून यायची ती तोंडं काळीनिळी करून, एकमेकांना जिभा दाखवत. माझ्या भावजयीनं, रेश्मानं, जेवायच्या आधी सगळ्यांना नळावर हाकललं आणि मी हौसेनं तोंडं धुवायला बसले. शेजारच्या पोरांची धुतली, ओठ स्वच्छ निघाले. सुजूचे धुतले, निळेच. परत चोळले. "दुखतंय की आत्ती," ती म्हणाली. मी तिची बोटं हातात घेऊन नखं बघितली. तीही निळी होती.

"रेश्मा, ही चालताना मधीच बसती का गं? उकिडवी?"

रेश्मा पायरीवर बसून धाकट्या बाळाला पाजत होती. "व्हय की. चार पावलं पळाली की बसती म्हातारीगत. लाडाचं ध्यान हाय नुसतं."

"आन् ओठ?"

"जांभळं लई खाती वो, आक्का. गेल्या साली बी असंच हुतं. साऱ्या पोरांचं त्येच हाय की."

त्यात रेश्माला बोल लावण्यासारखं काही नव्हतं. जांभळाच्या मोसमात सगळ्या वाडीचे ओठ निळे असतात, आणि मोसम सरेपर्यंत डोळ्याला त्या रंगाची सवय होते. मग 'हिचा रंगच असा' म्हणायला कितीसा वेळ लागतो? पोर आजारी होती आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लपून राहिली होती. मी तिच्या छातीला कान लावला. प्रत्येक ठोक्याला आत फुसकारा ऐकू येत होता. तेव्हा मला काय वाटलं हे खरं सांगायचं तर, काही नाही. डोक्यात आपोआप काम सुरू झालं: एको करायचा, रक्त तपासायचं, डॉक्टरांना आजच फोन.

पाऊस लागला की आमच्या ओढ्यावरचा रस्ता पाण्याखाली जातो, आणि मग आजारी माणसाला वाडीतून खांद्यावरूनच बाहेर काढावं लागतं. म्हणून पाऊस यायच्या आत मी सुजूला कळंब्याला घेऊन आले. रेश्माला तान्ह्या बाळामुळं येता आलं नाही, मिलिंद सोडून गेला. एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. घरच्यांना मी असं समजावलं की, हृदयातल्या भिंतीला भोक आहे आणि फुप्फुसाकडं जाणारी वाट अरुंद आहे, त्यामुळं शुद्ध-अशुद्ध रक्त एकत्र होऊन अंगभर फिरतं. ऑपरेशननं दोन्ही दुरुस्त होतं. पण आधी छातीतला कफ जायला हवा, वजन भरायला हवं. डॉक्टर म्हणाले, पाऊस ओसरला की करू.

तोवर सगळं एकाच गोष्टीवर होतं. सुजूनं रडायचं नाही. अशी मुलं जोरात रडली की ती अरुंद वाट आणखी आवळते, पोर काळंनिळं पडतं, धाप लागते, आणि कधी कधी ते तिथून परत येत नाही. तसं झालं तर गुडघे पोटाशी दाबायचे, छातीशी घट्ट धरायचं आणि ऑक्सिजनसाठी दवाखाना गाठायचा. वाटेत उकिडवी बसायची ती लाडानं नव्हे. तिच्या अंगाला न शिकवता सुचलेला तो उपाय होता.

चार वर्षांच्या पोरीला पावसाळाभर रडू द्यायचं नाही. करून बघा.

मला ड्यूटी होती, म्हणून थोड्या दिवसांनी आई राहायला आली. तिच्याबरोबर वाडीतल्या दोघी, पोरीला बघायला. फोनवर मी सगळं सांगितलं होतं, पण रिवाज फोन ऐकत नाही. तिघींनी उंबऱ्यात पाय ठेवला, पिशव्या खाली ठेवल्या, पदर तोंडाला लावला आणि सुरू झाल्या, "माझ्या सोन्या गं, काय आलं गं तुझ्या नशिबाला..." सुजू कोपऱ्यात खेळत होती. तिनं आजीकडं बघितलं, त्या दोघींकडं बघितलं आणि भोकाड पसरलं. बघता बघता ओठ शाईसारखे झाले. मी तिला उचललं, गुडघे दुमडून पोटाशी दाबले आणि छातीशी धरलं. "गप," मी आईला म्हणाले. "एकदम गप." आईनं पदर तोंडात कोंबला. त्या दोघींतली एक रिक्षा बघायला धावली. दवाखान्यात न्यायला रिक्षा दाराशी येईतो सुजूचा रंग परत आला, म्हणजे तिचा रोजचा निळसर रंग.

त्या दिवशी मी घरात कायदा केला. ज्याला रडायचंय त्यानं तळ्यावर रडून यायचं, तोंड धुवायचं आणि मग आत यायचं.

आईला ते फार लागलं. "रडायची बी चोरी झाली व्हय गं आता?"

"चोरी न्हाय. जागा ठरवून दिलीया."

"माझी नात हाय. मी न्हाय रडायचं तर कुणी रडायचं?"

"तू रडलीस की ती रडती, आये. मग काय करायचं?"

त्यानंतर दोन दिवस आई माझ्याशी भांड्यांच्या आवाजातूनच बोलत होती.

वाडीची माणसं पावसाळाभर येत राहिली. रस्ता बंद असला की लांबच्या वाटेनं, वडापच्या जीपला लोंबकळून, पण येत राहिली. मिलिंदनं सगळ्यांना बजावलेलं असायचं, त्यामुळं उतरली की ती सरळ तळ्यावर जायची. एकदा ड्यूटीवरून येताना मी बघितलं, बांधावर छत्र्या तिरक्या करून आमच्या वाडीच्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. फिरायला आलेली माणसं लांबून बघत होती. एका म्हाताऱ्यानं न राहवून विचारलं, "पावणं, कोण गेलं वो?"

"कोण न्हाय," त्यातली एक डोळे पुसत म्हणाली. "अजून हाय. म्हणून तर आलोय की."

मग त्यांनी तोंडं धुतली, केस सारखे केले आणि घरात येऊन, सुजूच्या हातात बिस्किटाचा पुडा देत, खदाखदा हसत बसल्या. तळ्यावर जायला मलाही कुणी अडवलं नव्हतं. रोजचा रस्ताच तो. एकदा मुद्दाम थांबलेसुद्धा. पाण्याकडं बघितलं, थोडी वाट बघितली, आणि दुधाची पिशवी घेऊन घरी आले.

सुजू हुशार. या घरात तिच्या रडण्याला सगळे भितात हे तिला लगेच कळलं. "आत्ती, केस विंचरू नगं. रडू का मी?" "आज्जे, मला भात नगं. रडू का?" आई हातातलं टाकून धावायची. टीव्ही पाहिजे, तर टीव्ही. छत्री घेऊन उगाच पावसात उभं राहायचंय, तर राहा. वाडीत असती तर रेश्मानं दोन धपाटे दिले असते. आम्ही मायलेकी तिच्या हुकमाच्या ताबेदार झालो होतो. "लई डोस्क्यावर बसवलीया पोरीला," असं शेजारीण म्हणायची. बसवली होती खरी. दुसरीकडं कुठं बसवणार?

श्रावणात एकदा ती पायरीवरून घसरली. मी आतून धावत आले. गुडघा चांगलाच सोलला होता, रक्त घोट्यापर्यंत आलं होतं. सुजू पायरीवर बसली होती आणि तिनं दोन्ही तळव्यांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. डोळे काठोकाठ भरलेले, पण आवाज नाही. मी जखम धुतली, पट्टी बांधली. पट्टीची गाठ बसल्यावर तिनं हात काढले.

"मी रडलो न्हाय, आत्ती," ती म्हणाली.

"शाबास," मी म्हणाले. वॉर्डात सुई टोचून घेणाऱ्या मुलांना म्हणते त्याच आवाजात. माझ्या मागं आई उभी होती. ती चप्पल घालून तळ्याकडं निघून गेली.

पाऊस ओसरला आणि ऑपरेशनचा दिवस ठरला. आपल्या माणसाच्या बेडवर आपण काम करायचं नाही, असा आमच्याकडं दंडक आहे, आणि तो बरोबर आहे. मी बाहेरच्या बाकावर मिलिंद, रेश्मा आणि आईबरोबर बसले. त्या बाकावरच्या माणसांना मी वर्षानुवर्षं सांगत आलेय, "काळजी करू नका, आत सगळे आहेत." तिथं बसल्यावर कळलं की या वाक्याचा काही उपयोग नसतो. त्यात मला आत काय चाललंय ते ठाऊक होतं. आता छाती उघडली असेल. आता मशीनवर घेतलं असेल. आता हृदय थांबवलं असेल. मिलिंद सारखा विचारत होता, "आता काय करत असत्याल गं, आक्का?" आणि मी सांगत होते, "झोपलीया ती." मला भीती वाटत होती. पण ती पोटात नव्हती, नुसती डोक्यात होती, दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी. रेश्मानं माझा हात धरला होता. मी तिची नाडी मोजायला लागले होते, आणि मला त्याची लाज वाटली.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, नीट झालं. दुसऱ्या दिवशी काचेतून आईला सुजू दाखवली. नळ्या, पट्ट्या, मशीन आणि मधे एवढीशी ती. आईनं बराच वेळ निरखून बघितलं.

"ही आपली न्हवं," ती म्हणाली.

"आये, सुजूच हाय ती."

"आपल्या सुजूची नखं अशी हायती व्हय? ही बघ की, पेरवाच्या फोडीगत लाल हायती. दुसऱ्या कुणाची पोर दावतीस तू मला."

आई हटूनच बसली. शेवटी आतल्या सिस्टरनं चादर वर करून गुडघ्यावरचा व्रण दाखवला तेव्हा तिला पटलं. तिनं पदर तोंडाकडं नेला, मग थबकली आणि माझ्याकडं बघितलं. "हितं चालतंय?" तिनं विचारलं.

"चालतंय," मी म्हणाले. "काच बंद हाय."

घशातली नळी निघाली तरी सुजूचा आवाज बरेच दिवस बसलेला होता. ड्रेसिंग करताना दुखलं की ती सवयीनं हात तोंडाकडं न्यायची. वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर म्हणायच्या, किती गुणाची आहे गं तुझी भाची. घरी आणल्यावरही तसंच. कायदा केला की तो कधीतरी उठवायचाही असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. टाके भरले, तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी गावी न्यायला परवानगी दिली. मिलिंद मित्राची जीप घेऊन आला. रेश्मा बाळाला घेऊन आली. आईनं आपली पिशवी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. कळंब्याला ती एका पावसाळ्यात पुरती कंटाळली होती.

वॉर्डात पाळी बदलताना आम्ही एकमेकींना हँडओव्हर देतो. या बेडवर कोण, काय झालंय, कुठलं औषध केव्हा, कशावर नजर ठेवायची, हे सगळं तोंडी सांगायचं. समोरचीनं ऐकून घेतलं की ते मूल तिचं, आणि आपण मोकळ्या. जीपच्या दाराशी मी रेश्माला तसाच हँडओव्हर द्यायला लागले. हे औषध सकाळी, हे जेवणानंतर. बगलेत हात घालून उचलायचं नाही, छातीचं हाड अजून कच्चं आहे. एक हात मानेखाली आणि एक बुडाखाली. ताप आला, पाय सुजले, जेवण सुटलं तर लगेच फोन. दात किडू द्यायचे नाहीत. इथवर ठीक होतं. पण मी थांबले नाही.

"भाकरीचा काठ खात न्हाय ती, मोडून द्यायचा. भातावर तूप घातल्यालं तिला दिसाय पायजे. झोपताना पाठीवर हात ठेवायचा, थोपटायचं न्हाय, नुसता ठेवायचा. ढग गडगडलं की म्हशी तळ्यात उतरल्यात म्हणून सांगायचं, मग भीत न्हाय. केस मधीच भांग पाडून विंचरलं की चिडती. आन् खोटं बोलाय लागली की डाव्या पायानं उजवा पाय खाजवती, तवा..."

रेश्मा नव्या सिस्टरसारखी मान हलवत ऐकत होती. मग तिनं माझ्या दंडाला हात लावला. "आक्का," ती हळूच म्हणाली, "ती माझीच लेक हाय की वो."

"व्हय," मी म्हणाले. "व्हय की."

मी बाजूला झाले. तोवर सुजूला वाटत होतं की मीही येणार आहे. मिलिंदनं जीप सुरू केली आणि मी खालीच उभी आहे हे तिच्या ध्यानात आलं. तिनं आधी दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग ते हात खाली आले आणि तिनं असं भोकाड पसरलं की जेलच्या आत ऐकू गेलं असेल. आवाज पुरता परत आला होता. माझे पाय मला न विचारता धावले. मी दार उघडलं, तिला धरलं आणि तिचे गुडघे दुमडून पोटाशी दाबायला लागले.

"आक्का, सोडा तिला," रेश्मा म्हणाली. "बघा तरी तिच्याकडं."

मी बघितलं. सुजू लालभडक झाली होती. नाक लाल, कान लाल, ओठ लाल. शेंबूड हनुवटीपर्यंत आला होता आणि श्वास नीट चालला होता.

"रडू दे की गं तिला," आई मागच्या सीटवरून म्हणाली, आणि स्वतःच हंबरडा फोडून रडायला लागली. अख्खा पावसाळा तुंबलेलं होतं ते. रेश्मा रडायला लागली. मिलिंद स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडत होता. बाळ तेवढं सगळ्यांची तोंडं आळीपाळीनं बघत होतं. मी सुजूचे गुडघे सोडले, दार लावलं आणि जीप गेली. मला रडू आलं नाही. आलं असतं तर इथं लिहायला बरं दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीला गेले. त्या बेडवर आता दुसरं मूल होतं. गाव सोडलेल्या माणसाला दोन घरं असतात म्हणतात; मला बरीच वर्षं एकही नव्हतं. वाडीला गेले की समोर येणाऱ्या प्रत्येक पोराची नखं आधी बघते, तोंड नंतर. कळंब्याच्या खोल्या म्हणजे पाळी संपल्यावर पाठ टेकायची जागा. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. दुबईवाले, जर्मनीवाले, तुमच्याही खोल्या अशाच असतील, आणि तुम्हीही फोनवर 'मजेत' म्हणत असाल.

ती जीप गेल्याला आता वर्ष होत आलंय. परवा संध्याकाळी रेश्माला फोन केला. विशेष काही नाही, औषधाचं विचारायला. मागं नुसता गोंधळ होता. सुजू घसा फोडून रडत होती.

"काय झालं तिला?"

"काय हुतंय! धाकट्यानं तिच्या ताटातलं अंडं खाल्लं, तर त्येला ढकलला तिनं. दोन धपाटं दिलंय, आता बसलीया नाटक करत. थांबा, तिला गप करतो, मला काय ऐकूच येईना."

"नगं," मी म्हणाले. "गप करू नगंस."

"अवं, पर तुमास्नी बोलायचं हुतं न्हवं?"

"न्हाय. फोन तसाच ठेव. ऐकू दे मला."

रेश्मानं फोन कट्ट्यावर ठेवला असावा, कारण भाकरी थापल्याचा आवाज जवळून यायला लागला. सुजू रडत होती, श्वास घ्यायला थांबत होती, आपलं रडणं कुणी ऐकतंय का याचा अंदाज घेत होती आणि पुन्हा नव्या दमानं सुरू करत होती. मी सवयीनं तिचे श्वास मोजायला लागले. मग मोजायचं राहूनच गेलं. मला बरं वाटत होतं. खूप वर्षांनी मी हे असं लिहितेय, की मला बरं वाटत होतं. तुम्ही तिकडं राहिलेले आणि तुम्ही निघून गेलेले, कुणी मला विचारलंत तर माझं घर सध्या एवढंच आहे. एक पोर धपाटा खाऊन मनसोक्त रडतेय, आणि तिला गप करायची कुणालाच घाई नाही.